हंडा टेकायचा दगड

चौथीचा इतिहास मी इतकी वर्षं शिकवला, की आजही झोपेतून उठवलंत तरी धडे क्रमाने सांगेन. आणि तरीही त्या पुस्तकाचा आला तेवढा राग मला दुसऱ्या कशाचा आला नसेल. पुस्तकाचा म्हणण्यापेक्षा, धड्याखाली छापलेल्या रिकाम्या जागांचा. त्या पोरांकडून भरून घेतल्या की इतिहास शिकवून झाला, असं आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत.

शाळा जिल्हा परिषदेची, रायगडाच्या पायथ्याशी. मी महाडहून एसटीने जायचे. वर्गाच्या खिडकीतून गड दिसायचा आणि पोरं त्याच्याकडे पाठ करून गडाचीच प्रश्नोत्तरं घोकायची. बघून बघून माझं डोकं उठायचं.

एके दिवशी मी विचारलं, "गडावर कोण कोण राहत होतं?"

एका सुरात उत्तर आलं. महाराज, मंत्री, सरदार, मावळे.

"बरं, मग एवढ्या माणसांचं मीठ-तांदूळ वर कोण नेत होतं?"

पोरं पुस्तकाची पानं उलटायला लागली. पुस्तकात नव्हतं ना ते!

मागच्या ओळीतली एक मुलगी हळूच उठली. तिची आई रोज ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन गड चढायची आणि वर येणाऱ्या पर्यटकांना ताक विकायची.

"बाया नेत असतील बाई. वाटेत एक दगड हाय. आय त्याच्यावर हंडा टेकते. सगल्याच टेकतात. त्याला खळगा पडलाय."

"तुझ्या आईने पाडला?"

"नाय बाई. आजी जायची तवा पन व्हता. मंग पयला कुनी पाडला?"

नऊ वर्षांची पोर, आणि इतिहास जिथून सुरू होतो तिथे बरोबर जाऊन उभी राहिली होती. त्या तासाला मी पुस्तक मिटून ठेवलं. पोरं नुसती बोलत सुटली. कुणाचा आजा वर लाकडं न्यायचा, कुणाचा काका पालखीवाला. सहलीला तो दगड बघायचाच, असं ठरलं. ती मुलगी त्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर थेट एसटीपर्यंत आली, बोलत बोलत.

पुढच्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी हौसेने तोच प्रश्न विचारला, गडावर कोण कोण राहत होतं, आणि हिने सगळ्यांच्या आधी हात वर केला. उभी राहून दगडाचं सांगायला लागली. साहेबांनी अर्धंच ऐकलं आणि मोठ्याने हसले.

"अगं, ताकवाल्यांचं काय सांगतेस? इतिहास सांग, इतिहास!"

वर्ग हसला. माझाच वर्ग, ज्यांचे आजे लाकडं नेत होते! मी म्हटलं, "साहेब, तिला पुरतं बोलू तर द्या." त्यावर ते म्हणाले, "बाई, गडाच्या पायथ्याची पोरं ही. यांना तरी नीट पाठ नको का?" शेऱ्यात लिहून गेले, इतिहास कच्चा.

मी तिला किती समजावलं. तुझंच बरोबर होतं म्हटलं. ती नुसती मान हलवायची.

सहलीला आम्ही गड चढलो. अर्ध्या वाटेवर तो दगड आला, मधोमध घासून गुळगुळीत झालेला. तिची आई नेमकी तिथेच उभी होती, हंडा खळग्यात टेकवून पदराने घाम पुसत. लेकीला बघून तिचं तोंड फुललं. "ये गो, ताक पी. बाई, तुमी पन घ्या."

मी मुलीला हाक मारली. म्हटलं, "सांग ना सगळ्यांना, हा दगड कसला?"

"काय नाय बाई. दगड हाय नुसता."

आईकडे न बघता ती रांगेच्या पुढच्या टोकाला गेली. तिथे पोरं प्रश्नोत्तरं म्हणत चालली होती. महाराज, मंत्री, सरदार, मावळे. त्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि एकही शब्द चुकत नव्हता.