मी दिलेल्या गोळ्या

बाळाला गोळ्या मी देत होतो.

आज सकाळी बाळा गेला. दोन्ही किडन्या निकामी. अकरा महिने डायलिसिस.

जोगेश्वरीतल्या आमच्या भजन मंडळात तो पखवाज वाजवायचा, मी गायचो. वीसेक वर्षं.

गणपतीत रोज दोन-तीन घरची भजनं. त्याचा उजवा खांदा भरून यायचा. माझ्या पिशवीत पेनकिलरची स्ट्रिप असायचीच.

"बुवा, प्रसाद दी रे," म्हणून हात पुढे करायचा.

मी द्यायचो. कधी दोन.

वर पाणी घोटभरच. भजन रंगात आलेलं असताना पखवाजवाला उठून बाथरूमला गेला तर कसं चालेल?
हा नियम मीच घातलेला.

पुढे गणपती संपले तरी गोळी सुटली नाही. प्रत्येक प्रॅक्टिसला एक.

पाय सुजले तेव्हा हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पेनकिलर घेत होते का?"

बाळाची बायको, वहिनी, म्हणाल्या, "नाही हो. घरी डोकं दुखलं तरी बामच लावतात."

खरंच बोलत होत्या त्या.

बाळाने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाला, "घेतल्यात. बरीच वर्षं. मेडिकलातून."

"वर्षानुवर्षं गोळ्या आणि पाणी कमी. बहुतेक त्यानेच," डॉक्टर म्हणाले.

वहिनी रिपोर्टसाठी मागे थांबल्या, मी बाळाला घेऊन निघालो.

रिक्षात विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझा नाव घेवन किडनी परत गावतली?" म्हणाला आणि हसला.

आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मीच न्यायचो त्याला. वहिनी चाळीत सगळ्यांना सांगायच्या, "सख्खा भाऊ इतकं करणार नाही."

मी ऐकून घ्यायचो.

आज स्मशानातून आल्यावर त्यांना सांगितलं. गोळ्या, पाणी, सगळं.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत.

मग म्हणाल्या, "भावोजी, तेराव्याला मंडळाचं भजन ठेवू या. त्यांना आवडायचं."

"हो वहिनी."

"तुम्ही गाऊ नका."

नाही गाणार.

घरी येऊन आंघोळ केली, देवापुढे बसलो. रोजचं नाव तोंडात येईना. तसाच उठलो आणि हे लिहायला घेतलं.

बाळा, हात जोडतो तुला.
सावकाश जा.