उजळ करा जी

आमच्या नंदनवन वस्तीतला फोटोवाला फोनवर कमेंट लिहिताना मोठ्याने बोलतो आणि शेवटी "उद्गारचिन्ह!" असंही गर्जतो. त्यामुळे तो कुणाशी भांडतोय, हे अख्ख्या दुकानाला कळतं.

परवा मी पासपोर्टचा फोटो काढायला गेलो, तेव्हा कुणीतरी कमेंटमध्ये एका आफ्रिकी वंशाच्या गायिकेला तव्याचं बूड म्हटलं होतं.

"गाणं ऐकून राहिला का रंग पाहून राहिला बे? उद्गारचिन्ह!"

मी तर टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन आल्या. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. "भाऊ, थोडी उजळ करा जी," बाई म्हणाल्या. फोटो पडद्यावर आला आणि आमचा योद्धा भराभर माउस फिरवत पोरीला पिठात घोळू लागला.

पोरगी म्हणाली, "काका, आत्ता त्या गायिकेसाठी भांडून राहिले होते नं? मंग मले काहून धुऊन राहिले?"

माउस थांबला. मग त्याने पोरीचा रंग तिला परत दिला.

बाई उखडल्या. "असा फोटो पाहून स्थळ येईन का? आम्ही दुसऱ्या दुकानात जातो!"

"बसा ताई," म्हणत त्याने बाईंनाच लेकीशेजारी बसवलं, फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. दोघींचा रंग अगदी एक.

"सांगा, पहिले कोणाले धुऊ?"

बाईंनी पडद्याजवळ वाकून स्वतःचा चेहरा नीट पाहिला.

"मी तं बरी दिसून राहिली जी," त्या म्हणाल्या. "दोघींचेही असेच काढा. अन् मोठे काढा."