आतोबांचं नाक

पनवेलच्या पंचक्रोशीत आमच्या आतोबांच्या नाकाइतकं संशयखोर नाक दुसरं सापडणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उरणकडच्या एका गॅस प्रकल्पात ते सेफ्टी इंजिनिअर होते. कुठल्या पाइपातून काय गळतंय, चिमणीतून किती धूर हवेत जातोय, याची काळजी करण्याचा त्यांना पगार मिळे. घरी आल्यावर तीच काळजी ते फुकट करत. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरी चहाचं नाव निघालं, की आधी ते शेगडीच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहत, आणि मगच आत्याच्या हाती लायटर देत. तोवर घाईतले पाहुणे पाणी पिऊन निघालेले असत. सिनेमाला नेलं तर बाहेर पडायच्या दाराला कुलूप का, म्हणून मॅनेजरला बोलावून घेत. आम्ही त्यांना ओळखतच नाही असे चेहरे करून बसायचो. एकदा रोडपालीच्या सिग्नलला काळा धूर ओकणाऱ्या डंपरच्या काचेवर त्यांनी टकटक केली आणि इंजेक्टर साफ करून घ्यायला सांगितलं.

"काका, तुम्ही आरटीओचे का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. मी मागच्या रिक्षातला."

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये होतं. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि आतोबांना वास आला. ते सरळ भटारखान्यात शिरले, सगळे सिलिंडर बंद केले, आचाऱ्यांना बाहेर काढलं. मग मांडवात येऊन शांतपणे म्हणाले, "सगळे बाहेर चला. पंख्याच्या, दिव्याच्या बटणाला कोणी हात लावू नका." नवरा-नवरी, व्याही, नवऱ्याचे थकलेले आजोबा, सगळी वरात भर दुपारी रस्त्यावर. बऱ्याच वेळाने सुकापूरचा केटरर मागच्या बाजूने एक गोणी ओढत आला.

"सायेब, गॅस नाय वो. कांदा कुजलाय."

वरपक्षात हशा पिकला. "इंजिनिअरसाहेब, आता बटाटेही तपासून घ्या," कोणीतरी म्हणालं. माझे वडील व्याह्यांपुढे हात जोडून उभे राहिले. आत्या पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. आतोबांनी एकेकाची माफी मागितली, पंगतीत खालमानेने पाणी वाढलं आणि न जेवता निघून गेले.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. "मनाला लावून घेऊ नका, आतोबा. चूक कोणाचीही होते."

ते म्हणाले, "प्लांटमध्ये भोंगा वाजला की सगळे मैदानात जमायचे. धोका खोटा निघाला की पोरं हसायची, एकमेकांना टाळ्या द्यायची. एकदाच खरा निघाला. त्या दिवशी कोणी हसलं नाही." मग ते म्हणाले, "ती गोणी पाहिली ना, तेव्हा आधी मला हायसंच वाटलं रे. मग तुझ्या वडिलांचे जोडलेले हात दिसले."

आता कार्याला ते शेवटच्या रांगेत बसतात, आहेर देतात आणि पानं मांडायच्या आधी उठतात. "जेवून जा ना," आम्ही म्हणतो. ते हसून चपला शोधू लागतात, आणि त्यांच्याकडे बघून दुसऱ्यांदा आग्रह करणं आमच्यापैकी कोणालाच जमत नाही.