इंग्रजी आवाजाला माझा विरोध

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आता सांगतो. पन्नाशी उलटल्यावर, रत्नागिरीच्या एका कचेरीत कारकुनी करणारा मी, खोटं नाव घेऊन फोनवरच्या एका गटात पोराटोरांशी भांडत होतो. भांडणाचा विषय असा, की एक जुनी जपानी कार्टून मालिका इंग्रजी आवाजात यावी म्हणून आपण वर्गणी काढावी की नाही. मी 'नाही'वाल्यांचा पुढारी होतो.

कार्टून म्हटलेलं त्या गटात चालत नाही. अ‍ॅनिमे म्हणायचं. यावरून मीच एका नवख्या मुलाला झापलं होतं. घरी मात्र मी बायकोला 'कार्टून बघतोय' असंच सांगायचो, कारण अ‍ॅनिमे म्हटलं असतं तर तिने डॉक्टर गाठला असता.

झालं होतं असं. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने जाहीर केलं, की चाहत्यांनी मिळून खर्च उचलला तर आम्ही अमुक जुनी मालिका चांगले कलाकार घेऊन इंग्रजीत आणतो. तोवर ती फक्त जपानी आवाजात होती आणि खाली इंग्रजी ओळी यायच्या. बेटाबेटांवर टपाल पोचवणाऱ्या एका म्हाताऱ्या जहाजाची गोष्ट. कप्तान खडूस, सुकाणूवर एक मुलगी, आणि सगळ्यांना शिव्या देत जेवू घालणारा एक स्वयंपाकी. आमच्या गटात लगेच दोन तट पडले. गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचतात, तिच्यात शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहून एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात, उणीदुणी काढतात, तसंच. एका बाजूला इंग्रजी आवाज हवा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ओळी वाचूनच बघणार म्हणणारे. आमच्या बाजूचा शाहीर मी. नाव घेतलं होतं 'जुनं गलबत'.

काय काय लिहिलं मी! 'मूळ आवाजात कलाकाराचा श्वास असतो.' 'डबिंग म्हणजे देवाला पँट घालणं.' या वाक्याला भरपूर अंगठे आले. चिपळूणच्या एका मुलीने विचारलं, "गलबतकाका, तुम्हाला जपानी येतं का?" मी लिहिलं, 'भाषा येण्याची गरज नसते, कान लागतो.' मला जपानीतले दोन शब्द येतात, आणि त्यातला एक बहुधा चिनी आहे.

विरोधाचं खरं कारण श्वास नव्हता. खरं कारण भाट्ये पुलाच्या पलीकडे राहत होतं. माझे भावोजी, थोरल्या ताईचे यजमान.

भावोजींनी सारा जन्म बोटीवर स्वयंपाक केला. मालवाहू जहाजावर खलाशांना रांधून घालणारा जो असतो त्याला बोटीवर भंडारी म्हणतात, ते हे. चार देशांची माणसं जेवायला, त्यामुळे इंग्रजी बोललेलं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. घरी परतले आणि साखरेने डोळे धरले. आधी वर्तमानपत्र गेलं, मग टीव्हीवरच्या ओळी गेल्या. चित्र धूसर दिसायचं, रंग कळायचे, वाचता काही येत नसे. ही मालिका त्यांच्या मुलीने, माझ्या भाचीने, त्यांना लावून दिली होती, जहाज आहे म्हणून. ती पुण्याला नोकरीला परतली आणि ओळी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी दुपारी मी स्कूटर काढून पलीकडे जायचो, त्यांच्या शेजारी बसायचो आणि खाली इंग्रजीत येईल ते आपल्या बोलीत सांगायचो.

मी तोंडातून शब्द न निघणारा माणूस. लग्नात मंगलाष्टकंही ओठ हलवून म्हणणारा. पण तिथे मला कंठ फुटला. माझा कप्तान आमच्या साहेबांसारखा बोलायचा. सुकाणूवरची मुलगी ताईसारखी फटकळ. स्वयंपाक्याला मी भावोजींचाच आवाज दिला. "मेल्यांनो, रस्सा ढवळू नका, मासा मोडेल!" असं जपानी माणूस म्हणाला की भावोजी मांडीवर थाप मारून हसायचे. ताई आतून म्हणायची, "शाळेत उभं केलं की रडायचा हा. आता बघा, तोंड मिटत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी हवा होतो. इंग्रजी आवाज आला असता तर माझी खुर्ची गेली असती.

इतकंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. माणूस खुर्चीसाठी भांडतोच. पण त्या खुर्चीवर बसून मी आणखी एक उद्योग केला होता.

मालिकेच्या मध्यावर जहाजाला आग लागते. स्वयंपाकी सगळ्यांना बाहेर काढतो आणि स्वतः आत राहतो. मरतो. खाली ओळ अगदी साधी होती, 'तो गेला.' नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी भावोजींना सांगितलं होतं की डावा डोळा परत यायचा नाही, उजव्याचीही खात्री धरू नका. पडद्यावर नुसता लाल-काळा धूर. भावोजी पुढे वाकले. "काय झालां? भंडारी बाहेर आला?"

आमच्याकडे मेल्याची बातमी सरळ सांगायची रीत नाही. आजोबा गेले तेव्हा मुंबईच्या काकांना तार गेली होती, 'सिरियस, निघून या.' गावाकडून 'सिरियस' आलं की मुंबईकर काय ते समजतात आणि रडतच गाडीत बसतात. माझ्या तोंडून सवयीने तेच निघालं.

"सिरियस आहे," मी म्हटलं.

भावोजींनी माझ्याकडे मान वळवली. "तारेतला सिरियस, की खरा सिरियस?"

आता इथे 'तारेतला' एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "खरा. वाचेल."

वाचला. वाचवल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न आला, कारण पुढच्या भागांत तो नव्हताच. मी त्याला नोकरी सोडायला लावली. भाजलेले हात घेऊन गावी गेला, बंदरावर खानावळ काढली, असं सांगितलं. भावोजी खूश. "शहाणा हो! बरं केलंन. बोटीवर मरण्यापेक्षा बरं." पडद्यावर सुकाणूवरची मुलगी रडत होती. "ही का रडते?" "त्याच्या हातचं जेवण मिळायचं नाही म्हणून." "रडेल, रडेल," भावोजी समाधानाने म्हणाले.

मग दर रविवारी पहिली चौकशी त्याची. "काय रे, खानावळीचं काय झालं?" जहाज टपालाचंच, तेव्हा मीही त्यावर त्याची पत्रं पोचवत राहिलो. गिऱ्हाईक वाढलं. हात पूर्ण बरे झाले नाहीत, तरी अंदाजाने रांधतो. वासावर मीठ ओळखतो. हे शेवटचं मी उगाच घातलं, गोष्टीला रंग यावा म्हणून. पुढच्या रविवारी गेलो तर भावोजी चुलीपाशी. ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "तुझ्या त्या जपान्याने यांना बिघडवलंय," ती म्हणाली, "सकाळपासून मला आत येऊ देत नाहीत." बांगड्याचं तिखलं केलं होतं. कोकम बोटांनी चाचपून, मीठ वासावर. चांगलं झालं होतं, हीच पंचाईत. महिन्याभरात आळीतली माणसं डबा पाठवून भावोजींचं कालवण मागून न्यायला लागली. भावोजी पुन्हा ताठ बसायला लागले. आणि त्यांच्या पाठीचा कणा म्हणजे मी रचलेली थाप.

आता कळेल की इंग्रजी आवाजाला माझा विरोध इतका तात्त्विक का होता.

भाचीने वडिलांना त्या गटात घातलं तेव्हा मी कचेरीत होतो. 'जुनं गलबत' कोण हे तिला ठाऊक नव्हतं. भावोजींना टंकता येत नाही, म्हणून त्यांनी आवाजच पाठवला. संडासाच्या वाटेवर उभा राहून मी तो ऐकला.

"नमस्कार मंडळी. मी आंधळा होत चाललेला माणूस. मला इंग्रजी आवाज हवा. माझ्यासाठी नाही हो, माझं चालतं. माझा मेव्हणा दर रविवारी घसा फोडून वाचतो. संसारी माणूस आहे. त्याचा रविवार सुटेल."

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण गटातले सगळे म्हणू लागले, गलबतकाका, आता बोला! आणि मी लिहिलं, 'एखाद-दुसऱ्याच्या सोयीसाठी कलाकृतीचा बळी देणं योग्य नाही.' लिहिलं, पाठवलं, आणि जाऊन टेबलावर सात-बाराचे उतारे तपासत बसलो. त्या वाक्याला अंगठे आले नाहीत.

रविवारी गेलो तर भावोजी वाटच बघत होते. "त्या गटात एक जुनं गलबत म्हणून आहे. मेला फार शिकलेला दिसतो. मला उत्तर द्यायचंय त्याला. तू लिहून दे, मी पाठ करून बोलतो."

जाखडीत एकाच शाहिराने दोन्ही फडांची गाणी रचली तर त्याला गावातून हाकलतील. मी रचलं. भावोजींच्या तोंडचं, पण माझ्या डोक्यातलं. लिहिताना लक्षात आलं की गलबताची कमजोर जागा मला कुणापेक्षाही चांगली माहीत आहे. भावोजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि पाठवलं:

"गलबतसाहेब, तुम्ही श्वास म्हणता. ज्याला डोळे आहेत त्याने श्वास ऐकावा आणि ओळीही वाचाव्यात. मला दोन्हींतलं एकच मिळतं, आणि तेही दुसऱ्याने मेहेरबानी केली तर. तुम्ही कधी शेजाऱ्याच्या तोंडून सिनेमा बघितलाय का?"

खिशात माझा फोन थरथरायला लागला. एकामागून एक.

"गलबत काही बोललं का रे?" भावोजींनी विचारलं.

"नाही अजून."

"बुडालं वाटतं."

परतताना भाट्ये पुलावर स्कूटर थांबवली आणि लिहिलं, 'विरोध मागे घेतो. माझीही वर्गणी धरा.' गटाने मला डोक्यावर घेतलं. काय मोठं मन, म्हणे. भावोजींना भाचीने पुण्याहून फोनवर वाचून दाखवलं, मग ते मला फोन करून म्हणाले, "माणूस दिलदार निघाला. रत्नागिरीकडे कधी आला तर जेवायला बोलवू त्याला. तिखलं करतो."

वर्गणी जमली, इंग्रजी आवाज आला. आता पहिल्यापासून आठवड्याला एक भाग येतो. मला वाटलं होतं माझी खुर्ची गेली. पण भावोजी अजून बोलावतात. शेजारी बसवतात, ऐकतात आणि मध्येच म्हणतात, "हा कप्तान बरा आहे, पण तुझ्यासारखा खेकसत नाही." इंग्रजी स्वयंपाकी त्यांना मिळमिळीत वाटतो. "याला शिव्या येत नाहीत. हा कसली खानावळ चालवणार?"

आगीचा भाग आता जवळ आला आहे. गेल्या रविवारी धीर करून मी म्हटलं, "भावोजी, त्या स्वयंपाक्याचं एक सांगायचं होतं."

"काय, दुसरी शाखा काढलीन?"

ताई भाताची परात घेऊन आली. मी म्हटलं, "पुढच्या वेळी सांगतो," आणि जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

पडद्यावरच्या कुणा परक्याने इंग्रजीत सांगण्याआधी हे मी सांगायला हवं. स्वयंपाकी त्या आगीत मेला, खानावळ कधी नव्हती, आणि ते जुनं गलबत मीच होतो. एवढं मी भावोजींचं अजून देणं लागतो.