सव्वा मूठ गहू

आमच्या घरी कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशच्या देवीच्या, नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मुठीने मोजून घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, मग तो पाळण्यातला असो की काठी टेकणारा. बायकांच्या मुठी नसतात. ते भांडण मी सासूशी करून दमले, जाऊ दे. खानदेश सोडून सुरतेला डिंडोलीत आले त्याला बावीस वर्षं झाली, तरी श्रावणातला हा रिवाज मी सोडला नाही.

गेल्या श्रावणात, रोटांच्या आदल्या दिवशी, शनिवारी सूप घेऊन बसले. नवऱ्याची मूठ घेतली, दोघा दिरांची घेतली. मुलाच्या नावाने हात घालणार, तोच तो खाटेवरून म्हणाला, "मम्मी, रहने दे ना. यंदा माझी मूठ नको घेऊस."

माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षांचा घोडा! आम्ही अहिराणीत बोलायचो, हा गुजरातीत उत्तर द्यायचा. कॉलेजातली पोरं घरी आली की मला म्हणायचा, तू आत बस. गावी नेलं तर तिथली पोरं 'सुरतवाला' म्हणून चिडवायची, की हा तिथेही तोंड पाडून बसायचा. तीन महिने तर कॉलेजही धड नाही आणि जेवणही धड नाही. मला वाटलं, आता याला आपल्या देवाचीही लाज वाटायला लागली.

"नाही घेत, जा!" मी ओरडले. "मोठा आला सुरतचा शेठ! आमचं काहीच नको ना तुला?"

एरवी उलटून बोलला असता. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडला. मीही हट्टी. त्याची मूठ वगळली, डबा उचलला आणि तरातरा चक्कीवर गेले.

आमच्या लोकांसाठी चक्कीवाला त्या दिवशी चक्की धुऊन ठेवतो, त्यामुळे रांग मोठी होती. पुढे आमच्याच गल्लीतली एक बाई उभी होती.

"किती मुठी तुमच्या?" तिने विचारलं.

"तीन."

"गेल्या वर्षी चार होत्या ना? कोण गेलं वं बाई?"

माय वं! मूठ कमी होते ती घरातला माणूस गेल्यावरच. सासरे वारले त्या वर्षी मीच माझ्या हाताने त्यांची कमी केली होती. आणि आता जिवंत पोराची वगळून, वर त्यालाच बोलून आले होते.

डबा तिथेच ठेवून पळत सुटले. घरी तो तसाच पडून होता. असं विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरेल, अशी भीती वाटत होती. तरी विचारलंच.

"तू जीव द्यायचा विचार करतोस का रे?"

तो उठून बसला. मग "हो" म्हणाला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला.

"काय व्हयनं रे?" मी विचारत राहिले. तो मराठी, हिंदी, गुजराती सगळं मिसळून बोलत होता. मध्येच परीक्षेचं, मध्येच कोणा मित्राचं, मध्येच "मी ना इथला ना तिथला." यातलं खरं कारण कुठलं, मला कळेना. अजूनही कळलेलं नाही. इथे आलो हे चुकलं, की येऊनही गावासारखं राहिलो हे चुकलं? नवऱ्याला पलसाण्याच्या मिलमधून बोलावून घेतलं. आम्ही त्याला क्षणभर एकटं सोडलं नाही, सोमवारी दवाखान्यात नेलं. विचारलंत ते बरं केलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण त्याआधी, शनिवारीच संध्याकाळी, मी सूप घेऊन त्याच्याजवळ बसले होते. "घेऊ मूठ?"

"घे," तो म्हणाला. "पण यंदापुरतीच."

मी घेतली. निम्मे गहू खाली सांडले, ते एकेक वेचून सुपात घातले.

आता पुन्हा श्रावण आलाय. औषध चालू आहे, दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. काल त्याने आपणहून विचारलं, "मम्मी, गहू कधी निवडायचे?"

या वेळी मनातल्या मनात काही ठरवून टाकलं नाही. हातातलं काम ठेवलं, त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "का रे?"