आत्याला आणायला कोणी गेलं नाही

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शिरूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आक्का माझ्यावर रागावूनच गेली आसंल का गं?"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे आप्पांना तिनेच कडेवर खेळवून वाढवलं. पुढे तिला दौंडला, रेल्वेतल्या खलाशाला दिलं. आजोबांच्या तेराव्यानंतर ती माहेरी आली नाही. आमच्या घरात तिचा एक फोटो नाही. आजोबांच्या बैलजोडीचा मात्र आहे, काच घालून.

निवृत्त झाल्यापासून मला घराण्याचे जुने कागद गोळा करायचा नाद आहे. भाऊ चिडवतो, "राजघराणंच की आपलं!" वारसनोंदीत आत्याचा पत्ता असेल म्हणून तहसील कचेरीत तीन हेलपाटे घातले आणि आजोबांच्या जमिनीच्या त्या नोंदीची नक्कल मिळवली. वारस एकच, आप्पा. 'मयतास मुलगी नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, आणि जबाबाखाली आप्पांची सही. माझं डोकंच फिरलं. मीही भावासाठी जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं आहे, पण मी जन्माला आले होते एवढं तरी त्या कागदाला मान्य होतं.

मी तो कागद पुढे धरला. आप्पांनी वाचला नाही.

"तलाठी म्हनला, बहिणीचं नाव लावलं तर सहीसाठी दौंडला हेलपाटे घालावे लागतील. तवा समदेच तसं करायचे. पर तिला कळलं आसंल. मग पंचमीला आनायला कुठल्या तोंडानं जाणार?"

आमच्याकडे नागपंचमीला भावाने मुराळी होऊन जायचं आणि बहिणीला माहेरी आणायचं अशी रीत आहे. मुराळी आल्याशिवाय सासुरवाशीण आपणहून निघत नाही. सही केली त्या वर्षी आप्पा गेले नाहीत, मग कधीच गेले नाहीत.

मी दौंडला गेले. आत्या गेल्याचं ऐकून माहीत होतं; तिचा नवराही वारला होता, मूलबाळ नव्हतं. त्यांचं रेल्वे कॉलनीतलं क्वार्टरही पाडलेलं. स्टेशनबाहेर चहाला बसणाऱ्या पेन्शनरांना विचारत विचारत आत्याच्या जुन्या शेजारणीपर्यंत पोचले. म्हातारीला ऐकू कमी येत होतं, पण आठवण पक्की होती.

मी ओरडूनच विचारलं, "माहेरच्या जमिनीचं काही बोलायची का?"

"कसली जमीन? कवा बोलली न्हाई. पंचमी आली की पिशवी भरून दारात बसायची. म्हनायची, भाऊ येनार हाय न्यायला. सांजच्याला पिशवी रिकामी करायची. आम्ही कुणी भावाला नाव ठेवलं तर आमच्याशीच भांडायची. म्हनायची, त्येला शेतातनं सवड न्हाई."

परतीच्या एसटीत मी ठरवत होते, आप्पांना यातलं किती सांगायचं. राग नव्हता एवढंच सांगावं, म्हणजे जीव शांत होईल, असं वाटलं. तेवढंच सांगितलं.

"तिला सहीचं ठाऊकच नव्हतं, आप्पा. ती तुमच्यावर कधीच रागावली नाही."

त्यांचा चेहरा सैल होईल म्हणून मी बघत राहिले.  ते छताकडे पाहत म्हणाले, "म्हंजी मी गेलो आसतो तर आली आसती?"

मला खोटं बोलायचं होतं, पण आली नसती म्हणावं तर ती रागावली होती असं झालं असतं. मी हो म्हणाले.