तेल घालायला भोकच नाही

मे महिन्यातला दुसरा मंगळवार. सकाळपासून कडक ऊन, वारा नाही, आभाळ पांढुरकं.

एसी दुरुस्तीच्या दुकानात गॅस उडून जातो, किस्से मात्र तळाशी साचत राहतात. आमच्या अंबरपेठच्या दुकानात इतके साचलेत, की एखादा सांगायला गेलं तर त्याच्यामागून दुसरा आपोआप वर येतो. आज तर दिवसभर दुसरं काही सुचतच नव्हतं, कारण खलीलभाईंच्या कामाच्या बेंचचा आज निकाल होता.

खलीलभाई आमचे कम्प्रेसर कापणारे. बंद पडलेला सीलबंद कम्प्रेसर कापायचा, झिजलेलं बेअरिंग बदलायचं, तेलाची वाट साफ करायची आणि पुन्हा वेल्डिंग मारायचं. दाढी काळी होती तेव्हापासून ते हेच करतात. आमचे मालक श्रीनिवास सेठ मात्र म्हणतात, "आजकल कौन काटता, भाई? नया डालो, खतम!"

शेवटी असं ठरलं, की खलीलभाईंनी बनवलेला एक कम्प्रेसर सेठच्याच केबिनच्या एसीला लावायचा आणि दिवसभर चालवायचा. बेअरिंगचा आवाज आला, तर बेंच उचलायचा आणि खलीलभाईंनी घरी बसायचं.

सकाळी एसी सुरू झाला. खलीलभाईंनी चहा घेतला नाही. आम्ही सगळे कान देऊन बसलो.

*

लोकांना सीलबंद ही गोष्टच पटत नाही. बरकतपुऱ्याच्या एका निवृत्त काकांनी मला गच्चीवर नेलं आणि हातातली तेलाची बाटली पुढे करून विचारलं, "भोक कुठंय?"

"कसलं भोक, काका?"

"तेल घालायचं! बेअरिंगला तेल नको?"

मी सांगितलं, तेल कारखान्यातच आत भरलेलं असतं. ते तळाशी असतं. दांडा फिरला की त्याच्या पोकळीतून तेल वर चढतं आणि बेअरिंगला पोचतं. झाकण नाही, भोक नाही, आपण काही करायचं नाही.

काकांनी मान डोलावली. आठवड्याने त्यांचाच फोन. "आवाज तसाच आहे. आणि शेजारीण रोज विचारते, दुपारी मिर्ची भज्जी कोण तळतं म्हणून!"

त्यांनी शेंगदाण्याचं तेल कम्प्रेसरवर वरून ओतलं होतं.

*

आबिड्सच्या एका कापड दुकानदारांचा फोन आला. घरचा एसी आवाज करतो म्हणाले. कसा, विचारलं तर म्हणाले, "घुर्रर्र… टक."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "तसा नाही हो. कीईईर्र… कीईईर्र…"

"घुर्रर्र येतो!"

"तुम्ही घरी असता कधी?"

मी फोन कानाला धरून उभा. दोघांनी आपापला आवाज तीन-तीनदा काढून दाखवला. मी स्पीकर सुरू केला. खलीलभाई हातातलं काम थांबवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई का आवाज सही है. बेरिंग सूखा."

जाऊन पाहिलं, तर तसंच निघालं. त्या घरी पुढे एसी बिघडला की फोन बाईच करतात.

*

पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं. दोघंही सॉफ्टवेअरवाले. घर बदलताना त्यांनी खिडकीचा एसी गादीवर आडवा निजवून, वर दुलई घालून टेम्पोतून आणला. एसी आडवा केला की तळाचं तेल नळ्यांत शिरतं. म्हणून मी बजावलं, "उभा ठेवा. उद्यापर्यंत चालू करू नका."

तासाभरात फोन. "काका, कूलिंग कमी वाटतंय."

"चालू केलात?"

"फक्त चेक केला. मग रीस्टार्ट केला. मग परत रीस्टार्ट केला."

मी म्हटलं, दर वेळी सुरू होताना आतलं थोडं तेल गॅसबरोबर बाहेर जातं. ते परत यायला वेळ लागतो. आता हात लावू नका.

संध्याकाळी पुन्हा फोन. आवाज एकदम खाली. "काका, आता रीस्टार्टपण होत नाहीये."

*

आमच्या दुकानाचंही सांगितलं पाहिजे. पुढच्या खोलीतला आमचा एसी गेली दोन वर्षं उघडून ठेवलेला आहे. गिऱ्हाइकांचं आधी, आपलं मग, ही आमची पद्धत. मागे एक आजी आल्या, खुर्चीत बसल्या, पदराने वारा घेतला. मी पुठ्ठ्याने घेत होतो, आमचा हेल्पर यादगिरी वर्तमानपत्राने.

आजींनी बराच वेळ बघून विचारलं, "तुम्ही तुमचा एसी कुठे दाखवता?"

*

तर आज. दुपारपर्यंत एसी गुमान चालला. दुपारी ऊन इतकं वाढलं की मागच्या भिंतीवरच्या, कम्प्रेसर असलेल्या युनिटला हात लावता येईना. जेवणाचे डबे तसेच राहिले होते. यादगिरीने ग्राइंडरसुद्धा बंद ठेवला.

आणि केबिनमधून सेठ ओरडले, "खलीलभाई! आवाज आया!"

खलीलभाईंचा चेहरा उतरला. हातातला लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते मागे धावले, टोक कम्प्रेसरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं.

"सेठ, कुछ बी नै. चुप है."

"मेरेकू सुनाई दे रा ना! कीर्र, कीर्र!"

सेठ उठून मागे आले. कान दिला. काही नाही. केबिनमध्ये जाऊन बसले आणि लगेच ओरडले, "देखो, फिर आया!"

पुन्हा सगळे मागे. पुन्हा काही नाही. सेठ पुन्हा जाऊन बसले. या खेपेला दारात उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं. कीर्र. खलीलभाईंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, घाम पुसला आणि केबिनच्या दाराशी येऊन उभे राहिले. सेठ रिव्हॉल्व्हिंग खुर्चीत मागे रेलले होते.

"सेठ, जरा खड़े होव."

सेठ उभे राहिले. शांत.

"बैठो."

कीर्र.

खलीलभाई दमलेल्या आवाजात म्हणाले, "तुम खड़े रहे तो बेरिंग एकदम अच्छा है, सेठ. तुम बैठतेइच घिस रा."

यादगिरी तेलाची कुप्पी घेऊन आला आणि खुर्चीखाली वाकला.

दुकान बंद करेपर्यंत कम्प्रेसर चालू होता. त्याने आवाज केला नाही. सेठनी बेंच दसऱ्यापर्यंत ठेवायचं ठरवलं.